अंधारगडची सुधारित आवृत्ती

जी वस्तू फुकट मिळते, तिच्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क मात्र पूर्ण किमतीचा असतो. समाजाची सगळी घडी या तत्त्वावर बसलेली आहे. विकत आणलेला पंखा कुरकुरू लागला तर माणूस म्हणतो, चालायचंच, बारा वर्षं झाली त्याला. शेजाऱ्याने फुकट दिलेला पंखा कुरकुरला तर तोच माणूस शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि शेजारी ओशाळून स्क्रू-ड्रायव्हर शोधायला आत जातो. यात दोघांनाही काही गैर वाटत नाही. (पंख्याचं मत कोणी घेतलेलं नाही.)

हे तत्त्व ज्यांनी स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलं, ते गृहस्थ नगरपालिकेच्या मलनिःसारण विभागात आरेखक होते. मलनिःसारण विभाग हे कागदावरचं नाव. लोक त्याला गटार खातं म्हणतात, आणि खात्यातली माणसं बाहेर 'नगरपालिकेत आहे' एवढंच सांगून विषय बदलतात. कचेरीत या आरेखकांना सगळे 'मिलिमीटर' म्हणत, कारण कुणाच्या वाढदिवसाचा केक कापायला दिला तर ते आधी फूटपट्टी मागत. नाव त्यांना आवडलं होतं. त्यांच्या मते ते थोडं ढोबळ होतं, एवढंच.

गटाराचा नकाशा हा एक विलक्षण प्रकार आहे. घराचा नकाशा काढला की घर उभं राहतं आणि लोक बघायला येतात. पुलाचा काढला की फीत कापतात. गटाराचा नकाशा काढला, त्याप्रमाणे गटार बांधून पूर्ण झालं, की त्याच दिवशी त्यावर माती टाकतात. पुढे ते तुंबलं तर गावभर बोभाटा होतो. नाही तुंबलं तर ते आहे हेही कुणाला माहीत नसतं. मिलिमीटर यांची गटारं तुंबत नसत. त्यामुळे एकतीस वर्षांत त्यांनी काढलेली एकशे अठरा किलोमीटर गटारं कुणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी पाहिली नव्हती. 'उतार काय छान दिलाय' असं एकाही माणसाने म्हटलं नव्हतं. मिलिमीटर यांना याचं वाईट वाटे. ते बोलून दाखवत नसत, पण वाटे.

म्हणून त्यांनी ठरवलं की मातीखाली जाणार नाही असं काहीतरी एकदा करायचं. पुरवणीत त्यांनी वाचलं होतं की हल्ली साधी माणसंही घरच्या घरी कॉम्प्युटरचे खेळ बनवतात, आणि बनवायचं साधनही फुकट मिळतं. जादूचं राज्य, राक्षस, ड्रॅगन, तलवार, राजपुत्र, सगळं आपण ठरवायचं. मिलिमीटर यांनी रीतसर अर्ज केला (बायकोकडे), आणि जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू त्यांना रोज सकाळी सव्वासहा ते आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत मंजूर झाली. बायको सरकारी दवाखान्यात हेड नर्स होती. तिने अट एकच घातली: "आठ-पाचला म्हणजे आठ-पाचला. मला डबा भरायला जागा लागते."

सहा वर्षांनी 'अंधारगड' पूर्ण झाला. मिलिमीटर यांच्या वहीत राज्याचा तपशील असा आहे:

गावे: नऊ. घरे: तीनशे अठ्ठ्याऐंशी, सर्वांस न्हाणीघर.
गटारे: एकसष्ट किलोमीटर, उतार शंभरास एक, कोठेही पाणी साचत नाही.
राक्षस: चार. चेटकीण: एक. ड्रॅगन: एक.
जादूची तलवार: एक (दुसरी शिल्लक नाही, जपून वापरावी).
लढाया: सहा, एकूण अकरा मिनिटे.

सहा वर्षांपैकी सव्वादोन वर्षं गटारांवर गेली. ड्रॅगन अडीच दिवसांत उरकला, त्यामुळे तो छत्रीत अडकलेल्या पालीसारखा दिसतो. परंतु त्याच्या गुहेला सांडपाण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे, जी इतर कोणत्याही राज्यातल्या ड्रॅगनला मिळाल्याचं ऐकिवात नाही. पावलांचा आवाज इमारतीच्या जिन्यावर चपला घालून ध्वनिमुद्रित केला. चेटकिणीचा आवाज बायकोचा आहे. तिने त्यासाठी वेगळा वेळ दिला नाही, म्हणून मिलिमीटर यांनी तिच्या वॉर्डाबाहेर फोन धरून उभं राहून मिळेल ते टिपलं. त्यामुळे जंगलात धूर होतो, वीज कडाडते, चेटकीण प्रकट होते आणि म्हणते, "भेटायची वेळ संपलेली आहे. पेशंटजवळ एकानेच थांबायचं." (परिणामकारकतेच्या दृष्टीने राज्यातला हा सर्वांत भीतिदायक प्रसंग मानला जातो.)

आणि शेवटी मनोरा. तीनशे बारा पायऱ्या, प्रत्येक अठरा सेंटिमीटर. राजपुत्राने गावाच्या वेशीतून निघून, सगळं राज्य चालून, गड जिंकून या मनोऱ्यावर चढायचं आणि वरून बघायचं. त्या वरच्या दृश्यावर मिलिमीटर यांनी चौदा महिने काम केलं होतं. खरं सांगायचं तर राक्षस, ड्रॅगन, तलवार वगैरे सगळा लवाजमा माणसाला त्या माथ्यावर आणण्यासाठीच होता. एका माणसाने चालत यावं, वर चढावं आणि बघावं. एकाने. लाखो लोकांनी वगैरे नाही. एक पुरे होता.

इथे एका तांत्रिक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. इतर खेळांमध्ये राजपुत्र चार ढांगांत डोंगर ओलांडतो आणि खाडी तर पाय न भिजवता पार करतो. मिलिमीटर यांना हे बघवलं नाही. नकाशावर प्रमाण लिहायचं आणि पाळायचं नाही, हा त्यांच्या लेखी अपहार होता. त्यांनी अंधारगडचं राज्य एकास एक प्रमाणात आखलं. वेशीपासून मनोऱ्यापर्यंत साडेत्रेचाळीस किलोमीटर. राजपुत्राचा वेग ताशी साडेचार किलोमीटर, कारण माणूस तेवढाच चालतो. म्हणजे निव्वळ चाल नऊ तास चाळीस मिनिटं. मिलिमीटर यांना यात अडचण अशी दिसलीच नाही. रस्ता सपाट होता, दुतर्फा झाडं होती, आणि गटारांवर सगळीकडे झाकणं होती.

खेळ प्रसिद्ध करायला मेव्हणा आला. मेव्हणा एका कंपनीत शाम्पूच्या बाटल्या दर सहा महिन्यांनी 'सुधारित' करण्याच्या कामावर होता. बाटली सुधारायची, आतला शाम्पू आपल्या जागी असायचा. त्याने एका संकेतस्थळावर अंधारगड ठेवला, खाली 'संपूर्ण मोफत' असं लिहिलं, आणि प्रत्येक खेळाडू कुठवर पोचला हे दाखवणारी एक मोजणीही जोडून दिली. "आता बघा भाऊजी, लोक कसे तुटून पडतात," तो म्हणाला.

पहिल्या महिन्याचा गोषवारा पुढीलप्रमाणे. खेळ उतरवून घेणारे: दोनशे चौदा. उघडून पाहणारे: एकशे तेहतीस. राजपुत्राला नाव देणारे: शहाण्णव (पैकी चाळीस नावं इथे देण्याजोगी नाहीत). वेशीबाहेर पडलेले: अडतीस. पहिल्या किलोमीटरच्या दगडापर्यंत पोचलेले: अकरा. तिसऱ्या दगडापर्यंत: दोन, त्यातला एक बाणाच्या कळीवर डबा ठेवून आंघोळीला गेला होता, आणि परत आला तेव्हा राजपुत्र पाऊण तास एका भिंतीला नाक लावून चालत होता. मनोऱ्यापर्यंत: निरंक.

तक्रारी: तीनशे सत्तेचाळीस. खेळ घेणारे दोनशे चौदा असताना तक्रारी तीनशे सत्तेचाळीस कशा, असा प्रश्न एखाद्या नवख्याला पडेल. न घेतलेल्यांनीही सहभाग नोंदवला होता. मिलिमीटर यांनी प्रत्येक तक्रारीला आवक क्रमांक दिला आणि सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर पाठवलं. नमुन्यादाखल काही:

तक्रार: चालून चालून जीव जातो.
उत्तर: आपला अनुभव वस्तुस्थितीस धरून आहे.

तक्रार: अर्धा तास चाललो, एक राक्षस दिसेल तर शपथ.
उत्तर: या टप्प्यातील लोकवस्ती विचारात घेता राक्षसांचे प्रमाण पुरेसे आहे.

तक्रार: ड्रॅगन कुठे आहे?
उत्तर: आपणापासून एकतीस किलोमीटरवर. सरळ जावे.

तक्रार: पैसे परत करा.
उत्तर: आपण काहीही दिलेले नसल्याने ते पूर्णपणे परत करण्यात येत आहे.

त्याच महिन्यात सासूबाई राहायला आल्या. त्यांनी टपालखात्यात चौतीस वर्षं दारोदार पत्रं वाटली होती आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी दोन तास चालत. ओल्या फरशीवर पाय घसरून खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, चार महिने दवाखान्यात गेले, आणि डॉक्टरांनी चाकाची खुर्ची दिली. मुलाचं म्हणजे मेव्हण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून त्या मुलीकडे आल्या. खुर्चीत बसून त्या आठवडाभर टीव्हीशी, भिंतीवरच्या घड्याळाशी आणि जावयाशी (या क्रमाने) भांडल्या. शेवटी ड्युटीवर निघताना बायकोने त्यांची खुर्ची कॉम्प्युटरपुढे नेऊन लावली.

"आई, टीव्ही नको तर नको. हे बघ. हा वरचा बाण दाबून धरायचा, की माणूस चालतो."

"आणि सोडला की?"

"थांबतो."

"एवढंच?"

"एवढंच. सहा वर्षं लागली याला."

सासूबाईंनी बाण दाबला आणि राजपुत्र वेशीबाहेर पडला. त्या कुठेही घाई न करता, दोन्ही बाजूंची घरं बघत, मोठ्या झाडापर्यंत गेल्या. दोन किलोमीटर, सत्तावीस मिनिटं. तिथे जरा थांबल्या. मग वळल्या आणि परत वेशीत आल्या. संध्याकाळी पुन्हा झाडापर्यंत आणि परत. दुसऱ्या दिवशी तेच. भांडणं थांबली. घरात इतकी शांतता पसरली की बायकोने घाबरून त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं.

मिलिमीटर यांची अवस्था मात्र चमत्कारिक झाली. उभ्या जगात त्यांचा खेळ मनापासून खेळणारं एकच माणूस होतं, ते त्यांच्याच घरात होतं, आणि ते रोज झाडाला शिवून मागे फिरत होतं. मार्ग सांगायचा नाही, खेळाडूने स्वतः शोधायचा, हा त्यांचा स्वतःचाच नियम. तरी एक दिवस न राहवून ते म्हणाले, "आई, रस्ता झाडाच्या पुढेही जातो बरं का."

"जाईना का. फिरायला गेलेलं माणूस घरी परत येतं, जावईबापू. येत नाही त्याला हरवलेलं म्हणतात." मग पडद्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "या तुमच्या गावात पाणी कुठे साचत नाही हो. आमच्या टपालाच्या हद्दीत पावसाळ्यात गुडघाभर असायचं. इथे उतार कुणी काढलाय?"

मिलिमीटर स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभे राहिले. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला गेला होता. त्यांना फार बरं वाटलं. उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.

पण एका खुबा मोडलेल्या बाईंच्या जोरावर राज्य चालत नाही, असं मेव्हण्याचं म्हणणं पडलं. "भाऊजी, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐका. तुम्हाला कुणीतरी मनोऱ्यावर यायला हवंय ना? मग त्यांच्या वाटेतले अडथळे काढा." हे बोलणं इतकं तर्कशुद्ध होतं की त्यात काही खोट काढणं मिलिमीटर यांना जमलं नाही. अडथळे काढणं हेच तर खात्याचं काम. त्यांनी तक्रारींची वही उघडली आणि सुधारणा हाती घेतल्या.

आवृत्ती १.१ मध्ये राजपुत्राला घोडा देण्यात आला. मिलिमीटर यांनी घोड्याला नियमाप्रमाणे दर दोन तासांनी चारा, पाणी आणि विश्रांती ठेवली होती. त्यावर ऐंशी तक्रारी आल्या, म्हणून १.२ मध्ये घोड्याची भूक बंद केली. १.३ मध्ये घोडा दहापट वेगाने धावू लागला. त्या वेगाने तो चेटकिणीला धडकत असे, सबब १.४ मध्ये चेटकीण काढली. (बायको म्हणाली, "बरं झालं. पगार तरी कुठे देत होतात.") १.५ मध्ये राक्षस चारावरून एकावर आणले, आणि १.६ मध्ये तो एकही दुरूनच हात जोडू लागला. ड्रॅगनला मारणं अवघड जातं म्हणून १.७ पासून तो राजपुत्राला पाहताक्षणी मूर्च्छित पडतो, १.८ पासून तो आधीच पडलेला असतो. १.९ मध्ये गावं काढली, कारण ती वाटेत येत होती. गावांबरोबर गटारंही गेली. ती मिलिमीटर यांनी स्वतःच्या हाताने पुसली.

आवृत्ती २.० मध्ये फक्त एक बटण होतं: 'थेट शेवट'. ते दाबलं की राजपुत्र मनोऱ्याच्या माथ्यावर. तिथून दिसणारं दृश्य तेवढं जसंच्या तसं ठेवलं होतं.

अंधारगड लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतला. तीन आठवड्यांत एकसष्ट हजार दोनशे सात जणांनी तो घेतला आणि पूर्णही केला. पूर्ण करायला लागणारा सरासरी वेळ: नऊ सेकंद. त्यांपैकी दृश्य पाहण्याचा वेळ: दोन सेकंद. अभिप्राय उत्तम होते. 'थरारक.' 'इतका प्रवास करून शेवटी माथ्यावर पोचलो तेव्हा डोळे भरून आले.' 'पुढचा भाग कधी?' तक्रार एकच राहिली, की बटण दाबावं लागतं. २.१ मध्ये तीही दूर झाली. आता खेळ उघडला की तो संपलेलाच असे. शिवाय लोकांना तसदी नको म्हणून मेव्हण्याने अशी सोय करून दिली की ज्याच्या ज्याच्याकडे जुनी आवृत्ती असेल, तिथे ही नवी आपोआप जाऊन बसेल.

एकसष्ट हजार माणसं मनोऱ्यावर उभी राहून गेली होती. मिलिमीटर यांना एकच हवा होता. हिशोबाने त्यांना एकसष्ट हजार पट आनंद व्हायला हवा होता, आणि कचेरीत सगळ्यांनी पाठ थोपटली तेव्हा तो झाल्यासारखा त्यांनी दाखवलाही. प्रत्यक्षात त्यांना काहीच होत नव्हतं. वरून दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी कुणी वाटेत पाहिलेल्याच नव्हत्या, मग ओळखणार काय. आपण पुन्हा एकदा सगळ्यावर माती टाकली, असं त्यांना वाटत राहिलं.

रविवारी सकाळी मेव्हणा यशाबद्दल केक घेऊन आला. बायको ड्युटीवरून यायची होती. सासूबाई नेहमीप्रमाणे फिरायला म्हणून कॉम्प्युटरपुढे बसल्या, बाणावर बोट ठेवलं, आणि खेळ उघडताच मनोऱ्याच्या माथ्यावर उभ्या राहिल्या.

त्यांनी गच्च डोळे मिटून घेतले.

"मला इथे कुणी आणून ठेवलं?" त्या म्हणाल्या. आवाज फार चढलेला नव्हता, पण दोघंही धावत आले.

"आई, अगं नवी आवृत्ती आहे," मेव्हणा म्हणाला. "चालायची गरजच नाही आता. वेळ वाचतो."

"वाचवलेला वेळ कुठे ठेवलायस? दाखव." मेव्हण्याकडे तो नव्हता. "दवाखान्यात दोन माणसं यायची आणि विचारल्याशिवाय मला पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवायची. खुर्चीतून पलंगावर. चार महिने मला कुणी विचारलं नाही, बाई, तुला जायचंय का. इथे तरी माझी मी जात होते. खाली उतरवा मला."

"आई, डोळे तरी उघडा," मिलिमीटर म्हणाले. "फक्त बघा एकदा. चौदा महिने—"

"म्हणजे इथे वर काहीतरी आहे."

"आहे."

"तुम्ही केलेलं."

"हो."

"मग मी बघणार आहे," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "पण माझ्या पायांनी येऊन. उतरवा."

मिलिमीटर यांनी जुनी आवृत्ती काढली. (तिच्या तीन प्रती होत्या. खात्यात प्रत्येक गोष्टीच्या तीन असतात.) मेव्हणा म्हणाला, घरच्या मशीनवर चढवा आणि बाहेर नवीच राहू द्या, कुणाला कळतंय. पण एका वेळी दोन मंजूर नकाशे अमलात ठेवणं मिलिमीटर यांना एकतीस वर्षांत जमलं नव्हतं आणि आताही जमेना. कुठला तरी एक खरा. त्यांनी मेव्हण्याने केलेल्या त्याच सोयीने १.० सगळीकडे पाठवून दिली. सोमवारी सकाळी एकसष्ट हजार दोनशे सात माणसं मनोऱ्यावरून गायब होऊन एका गावाच्या वेशीत उभी असलेली आढळली. समोर रस्ता होता. चार हजार आठशे तक्रारी आल्या आणि गुरुवारपर्यंत राज्य रिकामं झालं. मेव्हण्याने कपाळाला हात लावला, उरलेला केक डब्यात भरला आणि घरी गेला.

सासूबाई वेशीतून निघाल्या. मोठ्या झाडाशी आल्या, या वेळी वळल्या नाहीत, आणि अकराव्या दिवशी दुपारी मनोऱ्याच्या माथ्यावर पोचल्या.

बायको नुकतीच आली होती. खांद्याची पिशवी न काढता ती तशीच उभी राहिली. मिलिमीटर यांनी रजा टाकली होती. त्यांनी खुर्चीची मागची दांडी घट्ट धरली होती. सासूबाईंनी बाणावरचं बोट उचललं, बधिर झालं होतं ते चोळलं, आणि बघायला लागल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एकदा त्यांनी पडद्यावर खाली डावीकडे बोट टेकवलं आणि स्वतःशीच मान हलवली. मग वर, लांब. मग पुन्हा जवळ.

"जावईबापू," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

"हो आई."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

मिलिमीटर यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. बायकोने पिशवी खाली ठेवली, नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि घड्याळात भेटायची वेळ कधीच उलटून गेली होती तरी कुणालाही बाहेर काढलं नाही.

या टप्प्यावर वाचकांकडून एक प्रश्न येणार, याची कल्पना आहे: सासूबाईंना वरून नेमकं काय दिसलं? प्रश्न रास्त आहे. इतका वेळ सोबत आलेल्या माणसाला तेवढं विचारायचा हक्क आहेच. मात्र नोंदी तपासता असं आढळतं की वेशीपासून मनोऱ्यापर्यंतचे साडेत्रेचाळीस किलोमीटर वाचकाने वर एका वाक्यात पार केले. नऊ गावं लागली, राक्षस लागले, चेटकीण लागली, अकरा दिवसांत कुठे कुठे मुक्काम पडला, यांतलं काहीही त्याला सांगितलं गेलं नाही, आणि त्याबद्दल त्याच्याकडून एकही तक्रार आली नाही. तो सरळ माथ्यावर येऊन उभा राहिला आणि वर काय आहे ते विचारू लागला. त्याला लागलेला वेळ मोजून पाहिला आहे. त्याचा क्रमांक एकसष्ट हजार दोनशे आठ.